कारखान्याजवळच्या शाळेतली परप्रांतीय मुलं मैदानावर आणि रंगमंचावर कशी येतील?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीजवळच्या शाळेत तुम्ही सहावी ते आठवीला शिकवता. वर्गात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची बरीच मुलं आहेत. अभ्यासात ती इतरांच्या बरोबरीनं आहेत, पण खो-खोचा संघ, लेझीम, वक्तृत्व, गॅदरिंग, यांपैकी कुठल्याच यादीत त्यांची नावं नसतात. पालकांना फोन केला की ते ‘हां सर, भेजेंगे’ म्हणतात आणि मूल काही येत नाही. सातवीतली एक मुलगी अख्ख्या वर्गात सगळ्यांत वेगानं पळते, तीही सरावाला नको म्हणते. ‘यांना यात रसच नाही असं समजून सोडून द्यायचं का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मी कोल्हापूरच्या कारखानी भागातल्या शाळांमध्ये बरीच वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते आहे, आणि गॅदरिंगची जबाबदारीही बहुतेक वेळा माझ्याकडेच असते. त्या अनुभवावरून सांगते, सोडून देऊ नका. रस आहे की नाही हे सरावाला कोण थांबतं यावरून कळत नाही, मधल्या सुट्टीत कळतं. डबा खाऊन झाल्यावर हीच मुलं चपला दोन बाजूला ठेवून गोलपोस्ट करतात आणि घंटा होईपर्यंत खेळतात. मग चार वाजल्यानंतर असं काय होतं की तीच मुलं दिसेनाशी होतात, हा खरा प्रश्न आहे. आपण ज्या वेळेला, ज्या पद्धतीनं आणि ज्या कागदांवर मुलं गोळा करतो, ती सगळी पद्धत गावात घर असलेल्या, आजी-आजोबा जवळ असलेल्या मुलाला धरून बसवलेली आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘बाहेरून आलेली मुलं’ हा एकच गट नाही, त्यामुळे एकच उपाय सगळ्यांना चालत नाही. फौंड्रीत दहा-बारा वर्षं काम करणाऱ्याचा मुलगा सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातच जन्मलेला असतो, बालवाडीपासून इथंच शिकलेला असतो आणि तुमच्या-माझ्यासारखं कोल्हापुरी बोलतो. दोन वर्षांपूर्वी गावाकडून आलेल्या त्याच्या चुलतभावाची गोष्ट वेगळी. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सोन्याचं काम करणाऱ्या बंगाली कारागिराची मुलगी, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा, रात्रपाळीला वॉचमन असलेल्या नेपाळी माणसाची मुलं, राजस्थानी दुकानदाराचा मुलगा, या प्रत्येकाची अडचण निराळी. दुकानदाराकडे पैशाचा प्रश्न नसतो, पण संध्याकाळी गल्ल्यावर बसायला मुलगाच लागतो.

आणि बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं तर मराठीच बोलतात. तरीही मी पाहिलेल्या सगळ्या मुलांमध्ये शाळेच्या उपक्रमांपासून सगळ्यांत लांब तीच असतात, कारण ती दिवाळीच्या सुमाराला येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की जातात. संघ ऑगस्टमध्येच ठरलेले असतात. म्हणून ‘भाषा येत नाही म्हणून मागे राहतात’ हे सरसकट उत्तर मला पटत नाही. भाषेची अडचण असते, पण ती पहिल्या नंबरची नसते. पहिल्या नंबरला वेळ असते.

वेळेचंच आधी सांगते, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न तिथं सुटतात. शाळा सुटल्यावर पाच ते साडेसहा हा आपला सरावाचा ठरलेला वेळ. एमआयडीसीतल्या खोल्यांमध्ये त्या वेळेला काय चालू असतं ते एकदा जाऊन बघा. वडील दुसऱ्या पाळीला गेलेले असतात किंवा ओव्हरटाइमला थांबलेले असतात. आई पॅकिंगला, नाहीतर कुठं धुण्याभांड्याला. पाणी यायची वेळ बऱ्याचदा तीच. घरात लहान भावंड असेल तर त्याला सांभाळायला थोरली मुलगी, म्हणजे तुमची सहावी-सातवीतली विद्यार्थिनी. आपल्या गावातल्या मुलीला उशीर झाला तर आजी असते, काकू असते, शेजारी ओळखीचे असतात. हिच्याकडे त्यांतलं कुणीच नाही. आठवी-नववीतली मुलं तर संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर किंवा दुकानात हाताखाली कामाला जातात आणि हे शाळेत सांगत नाहीत. सरावाला ‘नको’ म्हणणं त्यांना सोपं वाटतं, कारण खरं कारण सांगितलं तर घरची लाज जाईल असं त्यांना वाटतं.

त्या पळणाऱ्या मुलीच्या बाबतीत मी पहिली चौकशी हीच करीन: शाळा सुटल्यावर तिला कुणाला आणायला जावं लागतं? माझ्याकडे ओडिशाकडच्या कुटुंबातली अशीच एक मुलगी होती. खो-खोत पाठलाग करताना तिला दिशा अचूक कळायची, पण चारची घंटा झाली की दप्तर घेऊन निघून जायची. अंगणवाडीतला भाऊ तिलाच घरी न्यायचा होता. मी तिला म्हटलं, भावाला घेऊनच मैदानावर ये. तो कडेला वाळूत खेळत बसायचा आणि ही सराव करायची. एवढ्यावर काम झालं. हे प्रत्येक ठिकाणी जमेल असं नाही, मैदान रस्त्याला लागून असेल तर लहान पोराची जोखीम घेऊ नये. पण कारण कळल्याशिवाय तोडगा सुचत नाही, आणि कारण चारचौघांत विचारलं तर मुलगी ते सांगत नाही. विचारायचं असेल तर शिक्षिकेनं, एकटीला घेऊन, कुठलं तरी काम सांगता सांगता विचारावं.

दुसरा उपाय याहून मोठा आहे. शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभव हे तास वेळापत्रकात आहेतच. ते खरोखर घ्या. बहुतेक शाळांत डिसेंबरनंतर हे तास गणिताला किंवा शिष्यवृत्तीच्या जादा तासाला जातात, आणि मग खेळ-नाच-गाणं सगळं शाळेनंतरच्या वेळेवर ढकललं जातं. तिथंच ही मुलं गळतात. शाळेच्या वेळेत ठेवलेला सराव हा एकच असा सराव आहे ज्याला सगळ्यांना येता येतं. मी मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातले दोन खेळाचे तास शेवटच्या दोन तासिकांना जोडून घेतले. शेजारच्या वर्गाचेही तेव्हाच. त्यात निवड, सराव, आपसातले सामने असं सगळं बसतं. सकाळी शाळेआधी पाऊण तास हाही चांगला पर्याय आहे, कारण रात्रपाळी करून आलेले वडील तेव्हा घरी असतात आणि लहान भावंडं त्यांच्याजवळ झोपलेली असतात. मात्र सकाळी सराव ठेवला तर मुलं उपाशी येणार हे धरून चाला. शेंगदाणे-गूळ, केळी, काहीतरी हाताशी ठेवा.

आता निवडीकडे येते. आपण वर्गात जातो आणि म्हणतो, ‘कुणाला भाग घ्यायचाय, हात वर करा.’ हात कुणाचे वर होतात? ज्यांचे दादा-ताई आधी संघात होते, ज्यांना नकाराची भीती नाही, त्यांचे. कोल्हापुरात हे जास्तच जाणवतं. शिवाजी पेठेतलं किंवा मंगळवार पेठेतलं पोरगं शाळेत यायच्या आधीच फुटबॉलमध्ये मुरलेलं असतं. पेठेची तालीम, पेठेचा संघ, शाहू स्टेडियमवरचे सामने, घरात कुणीतरी खेळलेला काका, हे सगळं त्याला फुकट मिळतं. एमआयडीसीतल्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला पेठ नाही, तालीम नाही, गल्लीचं मंडळही बऱ्याचदा नाही. त्याला खेळात आणणारी एकच जागा आहे, ती म्हणजे तुमची शाळा. म्हणून त्याच्या बाबतीत वाट बघत बसू नका. नाव घेऊन, बाजूला बोलावून, नेमकं काम सांगा: ‘उद्यापासून दुसऱ्या तासाला तू डाव्या बाजूनं खेळणार.’ ‘भाग घेणार का?’ या प्रश्नाला नाही म्हणणं सोपं असतं. ठरवून दिलेली जागा मुलं सहसा सोडत नाहीत. आणि शक्यतो जोडीनं घ्या. एकट्या मुलाला घेण्यापेक्षा त्याच्याच चाळीतल्या दोघांना घेतलं तर येताजाताना सोबत होते, आणि घरचेही लवकर तयार होतात.

संघात आल्यावर एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. नव्या मुलाला बाकीची पोरं गोलकीपर करतात, कारण ती जागा कुणालाच नको असते. लेझमात तो मागच्या रांगेत जातो. नाटकात त्याला भाला घेऊन उभा राहणारा शिपाई मिळतो. कागदावर त्याचा सहभाग दिसतो, पण वर्षभर तो एकाच कोपऱ्यात असतो. मी जागा फिरवायला लावते. चारपैकी एका सामन्यात तरी प्रत्येकानं पुढं खेळायचं, हा नियम सगळ्यांसाठी, म्हणजे कुणावर मेहरबानी केल्यासारखं दिसत नाही. शिवाय मैदानावर हाक नावानंच मारायची. मुलखावरून पाडलेली टोपणनावं मी पहिल्या दिवशीच बंद करते, आणि तुम्हीही करा. थट्टेत म्हटलंय असं सांगितलं जातं, पण त्या थट्टेनं मुलं खेळ सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

याच्या उलट बाजूची एक अडचण आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. खेळाला भाषा लागत नाही म्हणून आपण या मुलांना खेळात घालतो आणि समाधान मानतो. मुलगा कबड्डीत चमकला की त्याचं नाव वक्तृत्वाच्या, नाटकाच्या, विज्ञान प्रदर्शनाच्या यादीतून कायमचं गळतं. त्याला बोलायची वेळच येत नाही. गॅदरिंगला मग ‘यांचा एक भोजपुरी डान्स बसवू’ असं ठरतं, दरवर्षी तोच. त्यांचं गाणं मंचावर यावं, जरूर यावं, पण ‘तुम्ही तुमचं करा, आम्ही आमचं करतो’ अशी विभागणी होऊ नये. माझा अनुभव असा की पाठांतराच्या गोष्टींत ही मुलं फार लवकर पुढं येतात. पोवाडा, समूहगीत, ओवी, अभंग हे सगळं चालीवर असतं, त्यामुळे उच्चार आपोआप बसतो. आधी समूहात गाऊ द्या, मग दोन ओळी एकट्याला, मग निवेदनातली चार वाक्यं. नाटकात सुरुवातीला छोटी पण कामाची भूमिका द्या, जिच्या वाक्यावर पुढचा प्रसंग सुरू होतो. शेवटच्या क्षणी ज्याला काढून टाकता येणार नाही अशी जागा मिळाली की मूल स्वतःहून तालमीला येतं.

हिंदी-भोजपुरी बोलणाऱ्या मुलांचे ‘ळ’ आणि ‘ण’ सुरुवातीला चुकतात. स्पर्धेचे परीक्षक त्यावर गुण कापतात हेही खरं. माझा सल्ला असा की वर्गपातळीवरच्या स्पर्धेत उच्चाराला वेगळे गुण ठेवूच नका, विषय आणि मांडणी बघा. पुढच्या फेरीला पाठवायच्या मुलाचा उच्चार नंतर बसवून घेता येतो. १४ सप्टेंबरच्या हिंदी दिवसाला तर ही मुलं हमखास पुढं केली जातात. करा, पण ध्यानात ठेवा की घरात भोजपुरी, मैथिली किंवा ओडिया बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी हिंदीही शिकावीच लागते. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, त्यांच्यापैकी एखाद्याला वाचनाला उभं करा. मी केलंय. पहिल्या मिनिटाला सभागृहात कुजबूज झाली, पुढं सगळे शांतपणे ऐकत होते, आणि त्या मुलाची आई मागच्या दाराशी उभी होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण पोरगा काय करतोय हे तिला पूर्ण कळत होतं.

पैशाबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे तुम्हालाही माहीत असणार. गॅदरिंगच्या ड्रेसचं भाडं, लेझमाचा फेटा, बूट, स्पर्धेचा प्रवास. मूल ‘पैसे नाहीत’ असं कधीच म्हणत नाही. ज्या दिवशी पैसे आणायचे त्या दिवशी ते गैरहजर राहतं, आणि मग लाजेनं येतच नाही. वर्गात उभं करून कुणी दिले, कुणी नाही हे विचारू नका. शक्य तिथं गणवेशावरच कार्यक्रम बसवा. जुने बूट, शिनगार्ड, ट्रॅकपँट यांची शाळेची एक पेटी ठेवा. माजी विद्यार्थ्यांना आणि आसपासच्या कारखानदारांना सामान मागितलं तर कोल्हापुरात लोक सहसा नाही म्हणत नाहीत, खेळासाठी तर नाहीच. मात्र मुलाला ते देताना समारंभ करू नका, फोटो काढू नका.

कागदपत्रांवर मात्र जरा थांबते, कारण इथं चांगला खेळाडू ऐनवेळी बाहेर बसतो आणि मग त्याच्या मनातून खेळ उतरतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे मूल वर्गात बसतं आणि आपण कागदांचा विषय विसरतो. शालेय क्रीडा स्पर्धा मात्र १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात आणि तिथं जन्मतारखेचा पुरावा मागतात. गट इयत्तेवरून ठरत नाही, जन्मतारखेवरून ठरतो. गावाकडे शाळा मध्येच सुटलेलं मूल तुमच्या सातवीत असेल, पण १४ च्या गटात बसणार नाही, असं होऊ शकतं. दुसरं म्हणजे जुन्या दाखल्यावर घाईत लिहिलेली १ जानेवारी किंवा १ जून, आधार कार्डावर वेगळी तारीख आणि आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

जन्माचा दाखला जिथं जन्म झाला तिथल्याच निबंधकाकडून मिळतो, म्हणजे कोल्हापुरात बसून बिहारमधल्या गावचा दाखला सहज हाती येत नाही. जन्माची नोंदच झालेली नसेल आणि एक वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. म्हणून हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच सुरू करायचं. मी पालकांना हिंदीत एक चिठ्ठी लिहून देते: गावी गेल्यावर कोणत्या कार्यालयात जायचं, काय मागायचं, मुलाचं नाव कसं लिहून घ्यायचं. ही कुटुंबं मे महिन्यात किंवा दिवाळीनंतरच्या छठ पूजेला गावी जातात, तेव्हा ती चिठ्ठी त्यांच्याजवळ असली पाहिजे. कागद येईपर्यंत मुलाला शाळेतल्या शाळेत, आंतरवर्गीय सामन्यांत भरपूर खेळवा, आणि बाहेरच्या स्पर्धेला का जाता येत नाही ते त्याला आधीच समजावून सांगा. न सांगता नाव गाळलं तर आपण नको आहोत म्हणूनच गाळलं, असं त्याला वाटतं.

पालकांच्या ‘हां सर’ विषयी. ते खोटं बोलत नाहीत. भट्टीच्या आवाजात, मुकादम समोर असताना, शाळेचा फोन आला तर माणूस दुसरं काय म्हणणार? दुपारी फोन करू नका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जा, आणि ती रविवारीच असेल असं धरू नका, कारखान्यागणिक विचारून घ्या. मराठीत छापलेली सूचना दप्तरातच राहते. त्यापेक्षा मोबाइलवर हिंदीत बोललेला एक मिनिटाचा निरोप पाठवा, तो सगळं घर ऐकतं. संमतीपत्रावर सही मागायची असेल तर ते वाचून दाखवा. कंत्राटी कामावर असलेला माणूस न समजणाऱ्या कागदावर सही करायला घाबरतो, आणि त्याला त्याची कारणं असतात.

घरी गेलं की तीन प्रश्न हमखास येतात: खर्च किती, यातून काय मिळणार, आणि मुलगी असेल तर सोबत कोण जाणार. तिन्हींची नेमकी उत्तरं तयार ठेवा. शाळेच्या पातळीवर खर्च शून्य, असं सांगता आलं पाहिजे आणि ते खरं असलं पाहिजे. मिळणार काय, याला मी दोन भागांत उत्तर देते. ठरावीक पातळीपर्यंतच्या क्रीडा स्पर्धा खेळलेल्यांना आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुणांची सोय आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच सांगा, वाढवून सांगू नका. दुसरं उत्तर वडिलांना जास्त पटतं: मुलगा शाळेत रमला की दहावीच्या आधी काम धरायला पळत नाही. मुलींच्या बाबतीत सोबत शिक्षिका कोण आहे, परत किती वाजता, कुठपर्यंत सोडणार, हे नावानिशी सांगावं लागतं. हाफपँटचा प्रश्नही येतो. सरावाला ट्रॅकपँट चालते असं सांगितलं की तो तिथंच मिटतो, त्यावर वाद घालत बसू नये.

तुमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, ‘आज आहेत, उद्या जातील, यांच्यावर कशाला मेहनत घ्यायची?’ हे मला दर दोन-तीन वर्षांनी ऐकावं लागतं. मी त्यांना याच गावाकडे बोट दाखवते. बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या वेगवेगळ्या समाजांच्या मुलांना राहायला जागा मिळावी म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली. १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं आणि देशभरातले मल्ल इथं येऊन लढले. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण ते राजाराम कॉलेजला शिकायला आले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. दीनानाथ सिंह मूळचे उत्तर भारतातले, कोल्हापूरच्या तालमीत घडले, महाराष्ट्र केसरी झाले, हिंदकेसरी झाले, आणि कोल्हापूरकरांनी त्यांना आपलं मानलं. आज आपल्यासमोर बसलेलं पोरगं हिंदकेसरी होणार नाही कदाचित. पण कुठून आला हे न विचारता आखाड्यात घ्यायचं, ही या गावाची जुनी रीत आहे, आणि शाळेनं तिच्यापेक्षा कमी करू नये.

वर्षाचं गणितही या मुलांना धरून मांडावं लागतं. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, त्यामुळे बिहार-पूर्वांचलची कुटुंबं दिवाळीच्या सुट्टीला जोडून आठ-दहा दिवस उशिरा परततात. ज्यांना जाता येत नाही ती पंचगंगेच्या घाटावर पूजा करतात, पण त्या दोन दिवसांत मूल शाळेत येणार नाही. या काळात अंतिम निवड, संघाची नावं, नाटकाच्या भूमिका ठरवू नका. प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेला दोन मुलं तयार ठेवा. हे आपल्याच मुलांच्या तापा-खोकल्यालाही उपयोगी पडतं. उशिरा आल्याबद्दल संघातून काढण्याची शिक्षा तर मुळीच नको, कारण गावी किती दिवस राहायचं हे मूल ठरवत नाही.

ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीवरच्या मुलांसाठी वेगळं करावं लागतं. त्यांच्यासाठी नोव्हेंबरनंतर नव्यानं सुरू होणारं काहीतरी ठेवा: २६ जानेवारीचं लेझीम, गॅदरिंगचं समूहगीत, वर्गावर्गांतले खो-खोचे सामने. हे तीन महिन्यांत बसतं आणि तीन महिन्यांत पूर्णही होतं. ही मुलं निघायच्या आधी, फेब्रुवारीतच, त्यांना प्रमाणपत्र द्या. एप्रिलमधल्या बक्षीस समारंभाची वाट बघू नका, तोवर ती गेलेली असतात. मूल गावच्या शाळेत परत जातं तेव्हा स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत लगेच बसता यावं म्हणून देतात त्या शिक्षण हमी कार्डासोबत खेळाबद्दलही चार ओळी लिहून द्या: काय खेळते, कुठल्या जागेवर चांगली खेळते. तिकडचे शिक्षक ते वाचतात. एका वर्षी दिवाळीनंतर परत आलेली मुलगी तिकडच्या सरांची उलट चिठ्ठी घेऊन आली होती, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला दोन वर्षं तयार केलं.

तुमचं पत्र वाचून या महिन्यात काय करता येईल तेवढं सांगते. जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ आल्या असतील तर या वर्षी त्या नादाला लागू नका, तेवढ्यात कागद होणार नाहीत. मुख्याध्यापकांकडून खेळाचे दोन तास जोडून घ्या. प्रत्येक वर्गातली दोन-तीन मुलं तुम्ही स्वतः निवडा, जोडीनं, आणि त्यांना जागा ठरवून द्या. एका सुट्टीच्या दिवशी चाळीत जा, सोबत शिक्षिका असू द्या. मुलांच्या जन्मतारखा तीन कागदांवर तपासून एका वहीत लिहून काढा. संख्या पदकांची मोजू नका. मुलं आपसात संघ पाडताना या मुलांना कितव्या नंबरला बोलावतात ते बघत राहा, मला तरी त्यातून सगळ्यांत जास्त कळतं.

तुमची शाळा सकाळची आहे की दुपारची, मैदान शाळेचं स्वतःचं आहे का, आणि शिक्षिका किती आहेत, एवढं लिहिलंत तर वेळापत्रक कसं बसवायचं ते आणखी नेमकं सांगता येईल.